दिवे लागले, मीठ उद्या सकाळी

मला स्वस्थ बसता येत नाही. बसमध्ये बसले तरी माझा पाय हलत असतो, शेजारची बाई वैतागून सरकून बसते. डिचोलीला खनिज वाहतुकीच्या एका कचेरीत मी हिशेबाचं काम करायचे. ती कचेरी बंद पडली आणि मी पेडण्याला, चापोरा नदीकाठच्या आमच्या गावी, आईबाबांकडे परत आले. पहिल्या आठवड्यातच आई म्हणाली, "तू कायतरी कर गो बाय, नायतर आमका वेड लागतला."

करण्यासारखं काम घरातच भरून पडलं होतं. मागल्या दाराला लागून आमची मिठाची खोली आहे. बाबांचं नदीकाठी मिठागर आहे. आम्ही त्याला नुसतं आगर म्हणतो. उन्हाळ्यात काढलेलं मीठ पावसाआधी त्या खोलीत येतं आणि नेहमी नवरात्रापर्यंत संपून जातं. यंदा दिवाळी झाली तरी खोली गच्च होती. नेहमीचा व्यापारी आलाच नाही. बाजारात पिशवीतलं पांढरंशुभ्र मीठ मिळतं, आमचं करडं मीठ कोण उचलणार?

बाबांनी त्याचा बोभाटा केला नाही. एका सकाळी चहा पिताना एवढंच म्हणाले, "देवदिवाळेपर्यंत खोली अर्धी तरी मोकळी झाली तर यंदा आगरात उतरतलंय. नायतर नाय. नवा मीठ खय घालू, डोक्यार?" देवदिवाळीच्या सुमारास आगरातलं पाणी काढून बांध दुरुस्त करायला घ्यावे लागतात. त्यासाठी सिंधुदुर्गातून माणसं येतात, आणि त्यांना आधी कळवावं लागतं. मी म्हटलं, बाबा, मीठ विकता येईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोण विचारता गो आता आगरच्या मिठाक?"

ते वाक्य मला फार लागलं. खोली भरलेली आहे याचं त्यांना दुःख नव्हतं. आपल्याला कुणी विचारत नाही, याचं होतं. बाबा आगरात नसतील तर उन्हाळाभर काय करतील, हे मला डोळ्यांसमोर आणता येईना. मी त्याच दुपारी लॅपटॉप उघडला आणि इंटरनेटवर दुकान कसं थाटतात ते शोधायला लागले.

दुकानाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे मला माहीत नव्हतं. जगात कुठे कुठे बसलेल्या माणसांनी ते लिहून सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं असतं. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. सोबत नवशिक्यांसाठी सूचना होत्या आणि त्यात जिकडेतिकडे 'सोपे' हा शब्द होता. तो शब्द लिहिणारा मला भेटला असता तर मी त्याची हजेरी घेतली असती. आधी परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर स्वस्तात जागा भाड्याने घेतली. मग डेटाबेस बनवायचा, त्याचा पासवर्ड नेमक्या फाइलीत नेमक्या ओळीत टाकायचा. टाकला, तर पडदा कोरा पांढरा. ना चूक दाखवतो, ना काही सांगतो. मी संतापून अंगणात फेऱ्या मारल्या, परत आले, पासवर्डाच्या शेवटी राहिलेली एक मोकळी जागा काढली, आणि दुकान उघडलं.

उघडलं तर आत माल आधीच मांडलेला! नमुन्यादाखल ठेवलेला. कॅमेरे, मनगटी घड्याळं, बायकांचे उंच टाचांचे बूट, किमती डॉलरमध्ये. बाबा मागून डोकावले. "आमी बूट पण विकतलंव?" मी ते सगळं एकेक करून काढून टाकलं, डॉलरचे रुपये केले, पौंडाचे किलो केले. बुटांच्या मापाच्या जागी जाडं आणि बारीक असे मिठाचे दोन प्रकार घातले. रंग निवडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर पुढेच जाऊ देईना, म्हणून रंग करडा. बाबांनी ओंजळभर मीठ केळीच्या पानावर ओतलं आणि त्याचा फोटो मी काढला. गिऱ्हाईक तळहातावर मीठ घेऊन चोळतं, जिभेला लावतं, मग भाव विचारतं, हे बाबांनी जन्मभर पाहिलेलं. "चाखल्याबगर मीठ कोण घेता गो?" हे ते रोज विचारत आणि मी रोज चिडत असे.

पण त्यांची खरी अट वेगळीच होती. आमच्या घरात दिवेलागण झाली की मीठ उंबऱ्याबाहेर जात नाही. शेजारीण रडत आली तरी नाही. तसं आमच्या भागात कुणीच संध्याकाळी मीठ देत नाही आणि मागतही नाही, पण आमचं घर मिठाचं, म्हणून आमच्याकडे ते जास्तच कडक. बाबा म्हणाले, "दिवो लागलो काय विक्री बंद. तुजा दुकान कंप्युटरार असू नायतर माडार असू."

मी डोक्याला हात लावला. दिवसरात्र उघडं राहावं म्हणून तर लोक असली दुकानं काढतात! पण मीठ त्यांचं, घर त्यांचं. या सॉफ्टवेअरवाल्यांचा एक चर्चामंच असतो, तिथे मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं की मला माझं दुकान रोज संध्याकाळी बंद करायचं आहे आणि पहाटे उघडायचं आहे, कृपया मदत करा. का, ते लिहिलं नाही. कुण्या परक्या देशातल्या माणसाने दुसऱ्या दिवशी काही ओळी लिहून पाठवल्या. ह्या अमुक फाइलीत घाल म्हणाला, ठरल्या वेळी दुकान आपोआप मिटेल, फक्त मालकाला आत जाता येईल. खाली त्याने आणखी बरंच लिहिलं होतं, पण मला घाई होती. मी ओळी चिकटवल्या, संध्याकाळची आणि पहाटेची वेळ घातली, आणि बंद दारावर लावायची पाटी स्वतः लिहिली: 'दिवे लागले. मीठ उद्या सकाळी.' ती पाटी बाबांना आवडली. त्यांनी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली.

मग वाट बघणं सुरू झालं आणि मी अगदी असह्य झाले. ओळखीच्या झाडून सगळ्यांना मोबाईलवर दुकानाचा पत्ता पाठवला होता. मी जेवताना बघे, कपडे वाळत घालताना बघे, म्हापशाच्या बसमध्ये उभ्याने बघे. दुकान छान उघडं दिसे. संध्याकाळीही उघडं दिसे, पण मी मालकीण म्हणून मला दिसतं हे माहीत होतं, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. गिऱ्हाईक मात्र एक नाही. डिचोलीजवळच्या आमोण्याच्या मावशीचा फोन आला, "तुजा दुकान बंद आसा गो." मी म्हटलं, मावशी, तू तिन्हीसांजेला बघितलं असशील, दिवसा बघ. तिने पुन्हा काही कळवलं नाही. मला वाटलं, तिलाही नको असेल. लोक निदान आत डोकावून तरी का जात नाहीत, याने माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. चिडचिड आईवर निघायची, मग मी तिची माफी मागायचे, मग पुन्हा बघायचे.

 माझ्या हातात फोन दिसला की बाबा एकदा चेहऱ्याकडे बघत आणि बाहेर जात.

देवदिवाळी आली. खोली होती तशीच होती. दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी मजुरांच्या मुकादमाला फोन लावला. मी स्वयंपाकघरात ताटं घासत होते, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. "यंदा येव नकात," ते म्हणाले. "नाय, नाय, बरा आसा माजा. असाच." मग मुकादमाच्या म्हशीची चौकशी केली आणि फोन ठेवला. मी ताट एवढ्या जोरात आपटलं की आई धावत आली.

संध्याकाळी आईने तुळशीपाशी दिवा लावला, आत येऊन भात चुलीवर चढवला. मी पायरीवर बसून होते. तेवढ्यात फोन वाजला, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता, म्हणून क्षणभर कळलं नाही. ऑर्डर आली होती. डिचोलीकडच्या लाटंबार्शाच्या एका बाईंची. दोन पोती जाडं मीठ!

मी ओरडलेच. बाबा बाहेर आले, त्यांनी ऐकलं, आणि पहिल्यांदा तुळशीतल्या दिव्याकडे पाहिलं.

"परत कर."

"बाबा, मीठ उद्या जातला. आज नुसतो सांगावो इलो."

"हो म्हटला म्हणजे दिला. परत कर म्हणतंय ना?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, खोली गच्च आहे, माणसांना तुम्ही नको म्हणून सांगून बसलात, आणि एक गिऱ्हाईक आलं त्यालाही दारातून घालवा. तुम्हाला मीठ विकायचंच नाही. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. बाबा जागचे हलले नाहीत. शेवटी मी रागारागाने त्या बाईंचा नंबर लावला आणि मुद्दाम आवाज मोठा ठेवला, म्हणजे त्यांनाही ऐकू जावं, आपण काय घालवतो आहोत ते.

मी अवघडून सांगायला सुरुवात केली, की बाई, आमच्या घरी तिन्हीसांजेनंतर मीठ देत नाहीत, तर कृपा करून तुम्ही सकाळी... त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"अगो, आमी तरी खंय मागतांव? हांव सकाळच्यान पळयतां! दर खेपे तेंच. दिवे लागले, मीठ उद्या सकाळी. भर दनपारां खंयचे दिवे लागतात गो तुमगेर? म्हटलें, पेडण्यांतली रीत उलटी आसतली. आंवाळे कापून दवरल्यात लोणच्याक, कितें करतलें? आतां सुनेन पळयलें तर उगडें. काल आमच्या बचत गटांतल्या बायलांनी पळयलें, परवां पळयलें, सदांच बंद."

भर दुपारी आमच्या दुकानावर दिवे लागल्याची पाटी! मी फोन कानाशी तसाच धरून आत गेले आणि त्या परदेशी माणसाचं उत्तर शेवटपर्यंत वाचलं. सर्व्हरचं घड्याळ तपास, असं त्याने लिहिलं होतं. माझा सर्व्हर अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला. तिथलं घड्याळ चालतं ते तिथल्या दिवसाने. तिथे दिवे लागायचे तेव्हा आमच्याकडे सकाळची न्याहारी चाललेली असायची. आमचं दुकान दिवसभर मिटलेलं होतं आणि उघडं होतं ते नेमकं अशा वेळी, जेव्हा पेडण्यापासून डिचोलीपर्यंत एकही घर मिठाचं नाव काढत नाही. मावशी खरं बोलत होती. लोक आले होते. रोज आले होते.

मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं. त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "माणसा दारात इली," ते म्हणाले, "आणि तू तेंका परत धाडलंस? सकाळच्या पारी?" इतके रागावलेले मी त्यांना क्वचितच पाहिले. मग तो राग एकदम ओसरला आणि ते खुर्चीवर बसले. फोन अजून चालूच होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"बाय," ते म्हणाले, "तुमका सगळा जाडाच जाय? आवाळ्यांक थोडा बारीक घेतलास तर बरा." पलीकडून त्या काहीतरी म्हणाल्या. "होय, होय, आमच्याच आगरातला. माजाच." ते कितीतरी वेळ बोलत होते, मीठ मात्र दिलं नाही. सकाळी परत मागा, म्हणाले.

सकाळी मी घड्याळ सरळ केलं. बाईंनी परत मागितलं, त्यांच्या गटातल्या इतर बायकांनीही मागितलं, मावशीने मागितलं. पोती पेडण्याहून बसच्या टपावर म्हापशाला आणि तिथून दुसऱ्या बसने डिचोलीला जायची. कंडक्टर ओळखीचा झाला. खोलीच्या दाराशी बऱ्याच दिवसांनी जमीन दिसायला लागली.

बाबांनी मुकादमाला पुन्हा फोन केला. मी कान देऊन उभी होते. माणसं दुसऱ्या कामाला लागली होती, आता उन्हाळ्यापर्यंत सुटणार नव्हती. बाबांनी पुन्हा म्हशीची चौकशी केली आणि फोन ठेवला. संपलं, असं मला वाटलं. मी रात्री नीट जेवले नाही. स्वतःचा, त्या घड्याळाचा आणि अख्ख्या अमेरिकेचा मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑर्डरी बघत बसले होते. बाबा दारात येऊन उभे राहिले, खांद्यावर फावडं. आगराची जमीन पाणी काढल्यावर पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, तरच वर मीठ धरतं. ते कुठे निघालेत ते मला कळलं.

"बाबा, माणसा खय आसत?" मी विचारलं. "एकट्यान किती तुडवशात?"

त्यांनी मेजाखाली पाहिलं. माझा पाय नेहमीसारखा हलत होता.

"एकटो कित्याक?" ते म्हणाले. "तुजे पाय आसत ना."

मी लॅपटॉप मिटला आणि चपला न घालताच त्यांच्या मागून निघाले.