पिक्चरची खोट काढणारे गुरुपादप्पा

गुरुपादप्पांसारखा खरेदीदार लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात दुसरा झाला न्हाई. मी म्हणतो म्हंजे खरं हाय, कारण मी कुणाची उगं तारीफ करणाऱ्यातला न्हाई. मी देविदास. एकतीस वर्षं थेटरात पिक्चरची मशीन चालवली. लोकं पडदा बघायची, मी वरच्या खोलीच्या झरोक्यातून लोकं बघायचो. कुठं माणूस रडतो, कुठं बिडी प्यायला उठतो, सगळं पाठ. ते थेटर कवाच बंद पडलं, आता तिथं मंगल कार्यालय झालंय. अप्पांचं आन् माझं घर एकाच गल्लीत, मधी एकच भिंत. ते लिंगायत व्यापारी, मी रोजंदारीचा माणूस, तरी चाळीस वर्षं सकाळचा चहा त्यांच्याच ओट्यावर.

अप्पांचं काम काय, तर सोयाबीनच्या ढिगापुढं उभं राहायचं, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, दोन दाताखाली फोडायचे आन् खोट काढायची. ओल हाय, माती हाय, दाणा बारीक हाय. मोंढ्याचा रिवाजच तसा. ज्याला माल घ्यायचा असतो तो खोट काढतो, आन् खोट काढून झाली की भाव सांगतो. ज्याला घ्यायचाच न्हाई तो शेतकऱ्याचं मन राखायला "चांगला हाय" म्हणतो आन् पुढच्या ढिगाकडं सरकतो. म्हणून तिथला शेतकरी खोट काढणाऱ्याला चहा पाजतो. मला आपलं वाटायचं, हे सगळं सोयाबीन-तुरीपुरतं.

पण अप्पांनी मोंढा घरी बी आणला होता. गौरम्मावैनीच्या हातच्या भाजीला रोज खोट निघायची. मीठ जास्त, तिखट कमी, भाकरी जाड. ताट मात्र चाटूनपुसून. वैनी पदराआड हसायच्या. पोरगी एकच, मंजुश्री. तिला दहावीला ब्याण्णव टक्के पडले तर अप्पांनी विचारलं, आठ कुठं सांडून आलीस? पोरीनं काहीच मनावर घेतलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दारात नवी सायकल उभी. बापल्येकीचं असं चालायचं, आन् बरं चालायचं.

ती लहान असताना टीव्हीवर रविवारी सकाळी एक मालिका लागायची, 'यान नंबर अकरा'. एक मास्तर पत्र्याच्या टाकीतून यान बनवतो आन् बायको-पोरीला घेऊन पाणी शोधायला दुसऱ्या ग्रहावर जातो. ग्रह थर्माकोलचा, यानाला बांधलेली दोरी ढळढळीत दिसायची. मला मशीनवाल्याला हसू यायचं. पण मंजू आन् तिची अव्वा, म्हंजे गौरम्मावैनी, श्वास रोखून बघायच्या. अप्पा पाठ करून वर्तमानपत्र वाचायचे, आन् पान काही उलटायचे न्हाईत.

पुढं मंजू मुंबईला बँकेत लागली. सात वर्षांमागं एक दिवस आली आन् म्हणाली, नोकरी सोडली, आता पिक्चर लिहिणार, पिक्चर करणार. मी तिथंच ओट्यावर होतो. मला वाटलं आता अप्पा तिची सालटी काढतात. अप्पांनी कप खाली ठेवला, म्हणाले, "चांगलं हाय," आन् उठून देवघरात गेले. पोरीचा चेहरा असा उतरला! मला काही उमगंना. बाप चांगलं म्हणतोय आन् ही रुसून बसली. त्या दिवसापासून तिचं येणं तुटलं. दोन वर्षांमागं वैनी गेल्या तवा तीन दिवस आली. लिंगायतांत पुरतात, तशी आईची समाधी झाली, मंजूनं मूठभर माती टाकली, आन् बापाशी एक शब्द न बोलता परत गेली. अप्पा तवापासून खंगले. मोंढ्यात जायचे, पण दाणा तोंडात टाकायचे आन् फोडायचं विसरायचे.

आन् औंदा तिचा पिक्चर आला. दुसरा तिसरा न्हाई, तीच मालिका, तेच 'यान नंबर अकरा', आता मोठ्या पडद्यावर. त्याच आठवड्यात तिचा फोन आला. सात वर्षांत पहिला. म्हणाली, अप्पा, मोबाईलवर लोकं काय लिहितात त्याच्यावर माझा भरवसा न्हाई, कोण पैसे घेऊन लिहितंय, कोण जळून लिहितंय. आपल्याकडची माणसं थेटरातून बाहेर पडताना काय बोलतात ते ऐका आन् मला सांगा. आन् शेवटी तुमचं सांगा. अव्वाच्या पुण्यस्मरणाला यायचं मनात हाय, पण तुमचं ऐकते आन् मग बघते. अप्पांनी फोन ठेवला. "देविदास," म्हणाले, "पोरगी घरी यायला बघतीय."

मग काय! चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून शुक्रवारी पहिल्या खेळाला हजर. सोबत मी, म्हंजे या कामातला जाणकार. मशीनवाल्याइतकी माणसाची नाडी कुणाला कळते?

पिक्चर सुटला की अप्पा दाराच्या एका बाजूला उभे, मी दुसऱ्या बाजूला. मोंढ्यात प्रत्येक पोत्यातून वानगी काढावी तसं अप्पा प्रत्येकाला थांबवायचे. कसा वाटला? काय कमी हाय? कागदावर लिहून घ्यायचे. आन् लोकांची तोंडं काय विचारता, फुकटची. एक मास्तर म्हणाला, मालिकेतलं यान थर्माकोलचं होतं तरी खरं वाटायचं, हे एवढं चकचकीत असून खोटं वाटतंय. एक जण म्हणाला, मालिकेतला मास्तर आपल्यातला होता, ह्याचे तर दंडच शर्टात मावंनात. एका बाईला राग आला होता की मास्तराची बायको पहिल्या अर्ध्या तासातच मरते. मालिकेत ती शेवटपर्यंत होती, बिचारीला का मारलं? कॉलेजच्या पोरी म्हणाल्या, ठीक हाय, पण इंग्रजी पिक्चरपुढं काहीच न्हाई. एक म्हातारा झोपला होता, तरी त्यानं बी मत दिलं. ज्यानं तिकीट काढलं तो शहाणा, जिनं दोन वर्षं रक्त आटवलं ती येडी. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली, पण अप्पा शांतपणे लिहीत होते.

लातुरात तीन दिवस झाले, तरी अप्पांचं समाधान होईना. एकाच गावचा माल बघून भाव काढत न्हाईत म्हणाले. सोमवारी एसटीनं नांदेड गाठलं. तिथं विष्णुपुरीच्या कॉलेजची पोरं भेटली, इंजिनिअर होणारी. त्यांनी शास्त्रच काढलं. यानात वजन राहत न्हाई म्हणता, मग चहा कपात कसा राहतो? दार बाहेर कसं उघडतं? अप्पांनी ते बी लिहिलं. चार दिवसांत पाच खेळ बघितले आम्ही. प्रत्येक खेळाला, यानात मास्तराच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसायची तवा अप्पा चष्मा काढायचे. नांदेडला जिना उतरताना कठड्याला धरून थांबले आन् म्हणाले, "ती खुर्ची गौरम्माची हाय." पोरीनं आईसाठी पिक्चर केला होता आन् ते सगळ्या थेटरात फक्त ह्या एका माणसाला दिसलं होतं. 

मंगळवारी सकाळी अप्पांनी फोन लावला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला, कागद उघडला आन् सुरू केलं. एक, यान खोटं वाटतं. दोन, मास्तर पैलवान दिसतो. तीन, गाणं न्हाई. अशा बावीस वाचल्या. पलीकडून फक्त हूं, हूं. संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "आन् तुमचं, अप्पा?" अप्पा म्हणाले, माझ्या बी चार हायत. मास्तराच्या पोरीनं घातलेली चप्पल मालिकेत काळी होती, इथं तपकिरी हाय. मास्तर जेवताना भाकरी मोडत न्हाई, कापतो. तिसरी सांगत होते तवा फोन कट झाला. अप्पा फोनकडं बघत राहिले. "भाव सांगायचा राहिला," म्हणाले.

इथं मी माझं डोकं चालवलं. काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. मी अप्पांना झापलं. अहो, पोरीनं जीव ओतला आन् तुम्ही चपलीचा रंग काढता? पडद्यामागच्या माणसाला एक चांगला शब्द लागतो, एकतीस वर्षं बघितलंय मी. सरळ सांगून टाका, पिक्चर चांगला हाय, संपलं! अप्पा मान हलवत राहिले. "तसं म्हणता येत न्हाई, देविदास." मी म्हणालो, का येत न्हाई, जीभ झडती काय? दोन दिवस मी त्यांच्या मागं लागलो. सात वर्षांमागं ह्याच ओट्यावर काय झालं होतं ते माझ्या डोळ्यादेखतचं, तरी डोक्यात शिरलं न्हाई. शेवटी गुरुवारी मीच मोबाईलवर आवाज पाठवायचं बटण दाबलं आन् त्यांच्या तोंडापुढं धरलं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मंजे, पिक्चर चांगला हाय." मी बटण सोडलं. छाती फुगवून घरी गेलो आन् बायकोला सांगितलं, एक तुटलेलं घर जोडून आलो.

करायला गेलो गणपती आन् झाला मारुती. संध्याकाळी तिचं उत्तर आलं, लिहिलेलं. अप्पांना बारीक अक्षर दिसत न्हाई म्हणून मीच वाचलं.

"अप्पा, तुम्ही खोट काढत होता तवा रडू आलं म्हणून फोन ठेवला. पण आतून बरं वाटत होतं. एवढं बारीक कुणीच बघितलं न्हाई. दोन दिवस भावाची वाट बघितली. आज चांगला हाय म्हणालात. मी मोंढ्यातलीच पोरगी हाय, कळलं मला. अव्वाच्या दिवसाला येत न्हाई."

वाचून झालं तरी मी मोबाईल खाली ठेवला न्हाई, कारण मग अप्पांच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच म्हणालो, अप्पा, चूक माझी, मी सांगतो तिला. मी तीनदा फोन लावला, त्यांनी लावला, तिनं उचलला न्हाई.

पुण्यस्मरणाचा दिवस आला. जंगमस्वामी आले, पूजा झाली, पंगत उठली. अप्पा गल्लीच्या तोंडाकडं बघत दुपारपर्यंत दारात उभे होते, जेवले सगळ्यात शेवटी. पिक्चर तोवर थेटरातून उतरला होता आन् मोबाईलवर आला होता. अप्पा रोज दुपारी तो लावायचे. किती वेळा बघितला त्याचा हिशोब त्यांना बी न्हाई.

पंगतीची भांडी आवरल्यावर त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, ते बटण दाब. खोट काढतो परत, आन् या वेळी भाव बी सांगतो. मला हुरूप आला. मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो, बटण दाबलं. अप्पांनी घसा खाकरला.

"मंजे, ऐक. एक..."

पुढं काही येईना. मी हळूच आठवण करून दिली, अप्पा, तो यानातला चहा. कपात कसा राहतो?

"राहू दे की," अप्पा म्हणाले. "सांडला तर लेकरू काय पिणार?"

मी म्हणालो, बरं, मग बायको लवकर मरते, ते सांगा.

"ती मेलीच की, देविदास."

चपलीचा रंग सुचवला, भाकरीचं सुचवलं. प्रत्येकाला ते मान हलवत होते. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आन् लहान पोरासारखे म्हणाले, "एक बी खोट सापडंना रे. लई बार बघितला मी. खोट काढल्याबिगर भाव कसा सांगू आता तिला?"

बटणावर माझं बोट तसंच होतं. सगळं मोबाईलात भरलं गेलं होतं, आमचं दोघांचं बोलणं, त्यांचं रडणं. अप्पांच्या ते ध्यानात आलं. म्हणाले, पुसून टाक, हे पाठवू नको, तिला वाटंल म्हातारा नाटकं करतोय. माझ्या मनात आलं, पाठवून द्यावं. जाऊ दे तिच्याकडं जसंच्या तसं. पण एकदा शहाणपणा करून पोरीला तोडून बसलो होतो. कुठल्या तोंडानं दुसऱ्यांदा करणार? या वेळी अप्पांचं ऐकायचं असं ठरवलं, आन् त्यांच्या देखत पुसून टाकलं.