अस्सल शिर

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, जुन्या वस्तूंच्या दुकानात पारखी आहेत. मातीचं भांडं ओलं करायचं, हुंगायचं, की खरं-खोटं कळलं. घरी मात्र दूध नासल्याचं ताईलाच आधी कळतं, यावरून मी त्यांना भरपूर छळते. मीही त्याच दुकानात माल पेट्यांत बांधते.

एकदा त्यांचं नाक चुकलं. अस्सल म्हणून लिहून दिलेली सुरई खोटी निघाली. मालकांनी गिऱ्हाइकाला गप्प केलं आणि सुरई स्वतःच्या टेबलावर ठेवली. कधी चकार शब्द काढला नाही, फक्त रोज तिच्यातलं पाणी पीत राहिले. भाऊजींना तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग एक दगडी शिर आलं, एका बाईचं. मान करवतीनं कापलेली, ताज्या कापावर बुटाचं पॉलिश चोळलेलं. उघड चोरीचा माल.

"नवी नक्कल, असं लिहा," मालक म्हणाले. "नकलेला परदेशी जायला कुणी अडवत नाही."

"अहो, पण हे अस्सल आहे."

"सुरईपण अस्सलच होती ना?"

भाऊजींनी सही केली. मला त्यांचा संताप आला आणि कीवही.

मी पेटी बांधत असतानाच पोलीस आले. सोबत एका लहानशा संग्रहालयाच्या बाई होत्या. त्यांच्याकडे धड उरलं होतं, शिर चोरीला गेलेलं. पण चोरांनी कडा घासल्यामुळे बाईंनी आणलेला मानेचा साचा बसेना. अधिकाऱ्यानं भाऊजींचा कागद वाचला. "बाई, ही नक्कल आहे."

बाई खुर्चीत बसल्या. भाऊजी खरं बोलले असते तर थेट कोठडीत. ते घाम पुसत राहिले.

"मग नक्कलच द्या आम्हाला," बाई हळूच म्हणाल्या. "धड ओकंबोकं दिसतं हो."

"न्या ना," भाऊजी चटकन म्हणाले. "अशा नकला हव्या तेवढ्या मिळतात. काय मालक?"

पोलिसांसमोर मालक काय बोलणार? त्यांनी मान हलवली.

आता दोघांचं बिंग एकमेकांच्या हातात आहे: मालक भाऊजींना काढू शकत नाहीत आणि भाऊजींना नोकरी सोडता येत नाही. दोघं एकमेकांकडे न बघता काम करतात.

सुट्टीच्या दिवशी भाऊजी मला संग्रहालयात घेऊन गेले. शिर धडावर सांधून बसवलं होतं, खाली पाटी होती: 'धड प्राचीन, शिर नक्कल'. शेजारी उभा एक गृहस्थ म्हणाला, "अगदी खरं वाटतं, नाही?"

"हो," भाऊजी म्हणाले, "बरं जमलंय." आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.