एक गोण दहा किलोचा चॅम्पियन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. नरेश म्हात्रे गेला त्याच्या अकरा दिवस आधी, सरावात, माझ्या ठोशाने तो बेशुद्ध पडला होता. आणि त्याला खाली पडलेला पाहून मला सगळ्यात आधी जे वाटलं, तो आनंद होता.

नरेश नायगावचा, खाडीकडच्या जुन्या वस्तीतला. साठ किलो गटात सलग दोन वर्षं राज्याचा बॉक्सिंग चॅम्पियन. वडील मिठागरात गोणी वाहता वाहता लवकर गेले. घरात आई आणि हा. मी रत्नागिरीहून नोकरीसाठी इथे आलेला कारकून, त्याच्याच वजनाचा, त्याच्याच वयाचा आणि त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी कुवतीचा. तो मला ‘कोकन्या’ म्हणायचा.

आम्ही दोघे ज्या क्लबात सराव करायचो तिथल्या वजनकाट्यावर त्याचा भरवसा नव्हता. तो मिठाच्या गोदामात जाऊन गोणी मोजायच्या काट्यावर उभा राहायचा. गोण पन्नास किलोची. तिथून ओरडायचा, “कोकन्या, आज एक गोन अकरा किलो! एक किलो कुठं लपलाय बघ जरा!” मग दोन दिवस भात बंद. आई ताट घेऊन त्याच्या मागे. “माझ्या पोराला गोनीसारखा मोजतात,” ती मला ऐकवायची, जणू काटा मीच लावला होता.

लढत संपली की हरलेल्याजवळ जाऊन तो विचारायचा, “लागलं का रे?” विचारून निघून जात नसे. उत्तर येईपर्यंत उभा राहायचा. गावात मिरवणूक निघे, ढोल वाजत, आणि अर्ध्या वाटेत लोकांच्या लक्षात येई की चॅम्पियन नाहीच. एकदा मी शोधत गेलो तर मिठागराच्या बांधावर चपला हातात घेऊन एकटाच बसला होता.

“काय रे, लोक शोधतायत.”

“हार घालायला शोधतात. जिंकला की मानसं हार घालतात, कोकन्या. बोलत कोन नाय.”

ते खरं होतं. दुसऱ्यांदा चॅम्पियन झाल्यावर क्लबातली मुलंही त्याच्याशी सरावाला कचरायला लागली. उतरली तरी अंग चोरून मारायची. कोणाला मार खायचा नव्हता, कोणाला चॅम्पियनला दुखवायचं नव्हतं. त्याला ते फार लागायचं. शेवटी उरलो मी. मीही हातचं राखूनच मारत असे.

त्या सकाळी आमचे प्रशिक्षक सर बाहेरगावी गेले होते आणि हॉलमध्ये आम्ही दोघेच होतो. उकाडा होता म्हणून त्याने डोक्याचं संरक्षक कवच काढून ठेवलं. मीही काढलं. सर असते तर दोघांनाही हाकललं असतं.

“मार की रे,” तो म्हणाला. “माझी आय मच्छर मारते त्याच्यात तुझ्यापेक्षा दम हाय. कचेरीत शिक्के तरी जोरात मारतोस का?”

मला राग आला. डावा हात दाखवून मी उजवा मारला, सगळं वजन घालून. तो कानशिलावर बसला. नरेश सरळ खाली गेला. दहा-बारा सेकंद त्याचे डोळे उघडे होते, पण तो तिथे नव्हता. आणि मी, सांगितलं तसा, आनंदात उभा होतो.

शुद्धीवर आल्यावर तो हसला. “आज मारलंस बघ. आज बोललास माझ्याशी.” मग नळाजवळ जाऊन ओकला.

असा बेशुद्ध पडलेला खेळाडू निदान महिनाभर रिंगणात उतरत नाही. त्याच्या वैद्यकीय वहीत तशी नोंद करायची असते. राज्य स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोचला होता आणि ती लढत नऊ दिवसांवर होती. तिसऱ्यांदा जिंकला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी जवळजवळ नक्की होती.

“सरांना सांगू का?” त्याने विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “सरावातलं कोण लिहितं?”

त्याच्या नोकरीसाठी म्हणालो, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. पण कवच काढून खेळलो हे सरांना कळू नये, ही भीती आधीची होती.

नऊ दिवस त्याचं डोकं दुखत होतं. कपाळाला बाम चोळून धावायला यायचा. लढतीच्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “कुठे मार लागलाय का? डोकं दुखतं?” नरेशने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याची पिशवी धरून उभा होतो. मी नकारार्थी मान हलवली. तो डॉक्टरांना म्हणाला, “नाय.”

समोर सांगलीकडचा संजय होता. चांगला खेळला. शेवटच्या फेरीत त्याचे दोन-तीन ठोसे लागले, पण गुणांवर नरेश जिंकला. त्याने संजयला विचारलं, “लागलं का रे?” खोलीत येऊन बाकावर बसला, मी ग्लव्हजची दोरी सोडत होतो, तेव्हा माझ्या खांद्यावर कलंडला. पुन्हा बोलला नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी गेला. पंचवीस वर्षांचा होता.

तेराव्याला संजय आला. फाटकाबाहेरच उभा. आईनेच त्याला आत बोलावलं, पाण्याचा तांब्या दिला. “पानी घे, बाला.” तो तिच्या पायांवर कोसळला. “माझ्या हातून झालं, आई.” ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी पंगतीत पाणी वाढत होतो. चार पावलांवर. वाढत राहिलो.

संजयने बॉक्सिंग सोडलं. दर वर्षी त्या तिथीला तो नायगावला यायचा, आईसाठी साडी आणायचा. त्या दिवशी मी काहीतरी काम काढून भिवंडीला जात असे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

नरेश माझ्या ठोशाने गेला की संजयच्या, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण रिंगणात उतरला तेव्हा तो आधीच जायबंदी होता, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. हे संजयला, त्याच्या दारात जाऊन, समोर उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.