काळ्याचा डावा पाय
इथे परदेशात, क्लेमेंटीत बांधकामाभोवती हिरवं कापड दिसलं की तो शनिवार आठवतो. घरमालक काका टीव्हीवर शर्यतीआधी फिरवले जाणारे घोडे बघत, अडथळ्यांच्या शर्यतीत कोणता घोडा जिंकेल ते मित्रांना सांगत होते. "अरे, तुझे बाबा माथेरानचे घोडेवाले ना? विचार की त्यांना!" सगळे हसले. मला नाही म्हणता आलं नाही. व्हिडिओ कॉल लावला. बाबा मन लावून बघत म्हणाले, "काळ्याला पळवू नका साहेब, पुढचा डावा पाय दुखतोय त्याचा." पुन्हा हशा. शर्यत सुरू व्हायच्या आत मी कॉल बंद केला. तिसऱ्या अडथळ्यावर काळा कोसळला, तोच पाय मोडला, आणि मैदानातच हिरव्या पडद्याआड त्याला मारलं. "वा, बाबा तज्ज्ञ निघाले!" काकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "काळा नीट आहे ना?" मी म्हटलं, "जिंकला." बाबा अजून लोकांना सांगतात, "घोड्याच्या पायाबद्दल मी एकदाच चुकलो."