उतारावरचे तात्या

तात्यांची गाडी आधी दिसे आणि मग ऐकू येई. दुसरी कोणतीही मोटार घाटीत असली म्हणजे दोन वळणे आधीपासून तिची घरघर कानावर येत असे आणि गुरे राखणारा माणूसही आपली जनावरे बाजूला घेत असे. तात्यांची गाडी मात्र वळणावरून एकाएकी अंगावर येई. ती निघून गेल्यावर पत्र्याचा खडखडाट, टपावरच्या ट्रंकांची आदळआपट आणि एखाद्या उतारूने घेतलेले देवाचे नाव एवढेच मागे राही. घाटीच्या माथ्यावर पोहोचताच तात्या गिअर काढून घेत आणि इंजिन बंद करीत. तिथून पायथ्याच्या पुलापर्यंत ती गाडी निव्वळ उतारावर चाले. म्हणून सगळा मुलूख त्यांना ‘न्यूट्रल तात्या’ म्हणत असे. तात्यांना ती पदवी वाटे.

मी त्यांचा उल्लेख मानाने करीत आहे तो त्यांच्या वयाकडे पाहून. गुणांकडे पाहून करण्यासारखे फारसे काही नव्हते.

सरकारी मोटारी आमच्या रस्त्यावर यायच्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. घाटीच्या वर आमचे गाव आणि शाळा, खाली मालवण. मधल्या तांबड्या रस्त्यावर मालवणच्या एका व्यापाऱ्याची सर्व्हिस मोटार चाले आणि ती तात्या चालवीत. माझे बिऱ्हाड मालवणात असल्यामुळे शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्या गाडीने खाली जाई. शिक्षक म्हणून मला पुढली जागा मिळे. त्या जागेला एक काम जोडलेले होते, हे मला पहिल्याच दिवशी समजले. वळण जवळ आले आणि तात्या म्हणाले, “मास्तर, दार बडवा.”

“कशाला?”

“हॉर्न वाजवल्यार बॅटरी खाता. तुमचो हात काय खाता?”

अशा रीतीने गणित आणि भूगोल शिकवणारा माणूस दर शनिवारी घाटीतल्या प्रत्येक वळणावर मोटारीचे दार तळहाताने बडवीत मालवणला जात असे.

पेट्रोल पिंपांतून येई आणि जपून वापरावे लागे, हे मला मान्य आहे. काटकसर हा गुण आहे, असे मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. परंतु गुण कोणता आणि गुणाचे सोंग कोणते, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. वाचवलेली वस्तू कोठून आली ते पाहावे. अरुंद घाटीत चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा सर्वत्र रिवाज आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की ती पुन्हा उचलणे इंजिनाच्या जिवावर येते. उतरणाऱ्याचे तसे नसते. त्याने ब्रेक सोडला की गाडी आपली आपण चालू लागते. तात्या वाटेत थांबले असते तर पुलापलीकडच्या सपाटीवर त्यांना इंजिन थोडे आधी सुरू करावे लागले असते, याहून अधिक काही नाही. तेवढेही त्यांना नको असे. मग समोरची लॉरी थांबे, मागे सरे आणि दुप्पट जोर लावून पुन्हा चढे. तात्यांनी वाचवलेले पेट्रोल असे दुसऱ्यांच्या टाक्यांतून जाई. मालकाला मात्र स्वतःचीच टाकी दिसे आणि दसऱ्याला तो तात्यांना शाल-नारळ देई.

“देवान उतार कित्याक केल्यान?” तात्या विचारीत आणि उत्तरही स्वतःच देत, “इंजिनाक सुशेगात निजाक मिळाचा म्हणान!”

चढताना त्यांना हा देव आठवत नसे. तेव्हा वाट देण्याचा रिवाज त्यांना तोंडपाठ असे. समोरून कोणी उतरताना दिसला की ते खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडत, “अरे, चढती गाडी दिसना नाय तुका? शिकलंस खंय रे गाडी?”

बैलगाडीवाले त्यांच्यावर विशेष खूश असत. एकदा पुलाच्या थोडे अलीकडे पेंढ्याची गाडी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला बैलांसकट गटारात उतरावे लागले. पुलाशी एक उतारू उतरेपर्यंत तो मागून धावत येऊन पोहोचला आणि म्हणाला, “तात्यानू, गाडीक ब्रेक आसा की इकलास?”

“ब्रेक आसा रे,” तात्या शांतपणे म्हणाले, “पण तो माझ्या गाडीचो. तुज्यासाठी कित्याक झिजवू?”

या माणसाच्या घरी सुमती नावाची एकुलती एक मुलगी होती. तिची आई ती लहान असतानाच गेली. तात्यांनी दुसरे लग्न केले नाही. सकाळची फेरी सुटण्याआधी मोटारीच्या पायरीवर बसून ते मुलीच्या दोन वेण्या घालीत. त्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या घातलेल्या असत, हे मी पाहिले आहे आणि न्यायाच्या दृष्टीने ते येथे नोंदवणे मला भाग आहे. सुमती माझ्या शाळेत शिकली. शाळेच्या विहिरीवर रांग लागली की ही आपली कळशी बाजूला ठेवून लहान पोरांना आधी पाणी काढून देत असे. ते तिला कोणी शिकवले, मला ठाऊक नाही. घरी शिकली नाही, एवढे नक्की.

ती लग्नाची झाली आणि तात्यांच्या उताराचा हिशेब तिच्याकडे वळला. आमच्या भागात सोयरीक जुळवण्याआधी मुलीच्या बापाची चौकशी करीत, आणि या बापाची चौकशी करायला रस्त्यावर कोणालाही थांबवले तरी चाले. गटारात उतरलेला प्रत्येक माणूस मोकळेपणाने माहिती देई. दोन स्थळे दारापर्यंत येऊन परत गेली. तात्या सांगत, पत्रिका जुळली नाही. आपली पत्रिका त्या माणसांनी मागितलीही नव्हती, हे सुमतीला कळत होते.

तिसरे स्थळ आले ते सोनू ड्रायव्हरकडून. सोनूची लॉरी मालवणाहून मीठ आणि कौले भरून वर येई. तात्यांना घाटीत सर्वांत जास्त वेळा वाट देणारा माणूस तोच. दर वेळी तो लॉरी मागे घेई, हसून म्हणे, “जांव दे, म्हाताऱ्याक घाई आसा,” आणि पुन्हा चढू लागे. आभारादाखल तात्यांनी कधी एक बोटही उचलले नाही. हात सोडला तर स्टेअरिंग जाईल, असे कारण ते देत. एक हात तर सदैव खिडकीबाहेर लोंबत असे.

सोनूचा मुलगा मालवणात मोटारदुरुस्तीचे काम करी. एके दिवशी सोनू शाळेत आला आणि टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला.

“मास्तर, तात्याचा चेडू कसा आसा?”

“मुलीचेच विचारतोस? बापाचे विचारणार नाही?”

“बापूस माका ठावक आसा,” तो म्हणाला. “त्याका मी सगळ्या बाजूंनी बघितलंय. चेडू बापाशीवर गेला काय तां सांगा.”

मी त्याला विहिरीची हकीकत सांगितली. त्याने टोपी डोक्यावर ठेवली. “पुरे,” म्हणाला.

देण्याघेण्याची बोलणी तात्यांच्या पडवीत झाली. मध्यस्थ म्हणून मीही होतो. आतल्या दाराआड सुमती उभी होती. तिच्या साडीचा काठ मला दिसत होता. तात्यांनी घसा साफ करून विचारले, “सोनू, तुका काय व्हया तां सांग. माझी ऐपत तुका म्हायत आसा.”

“माका कायएक नको,” सोनू म्हणाला. “हुंडो नको, भांडी नकोत. एकच करा. घाटीत माझी चढती लॉरी दिसली की गाडी थांबवा.”

पडवीतली माणसे हसली. सोनूही हसत होता, परंतु मागणे त्याने मागे घेतले नाही. तात्या हसले नाहीत. त्यांनी पान जुळवले, चुना लावला आणि बराच वेळ विचार केला. मुलीचे भाग्य पदरात पडत असताना कोणत्याही बापाने तात्काळ ‘हो’ म्हटले असते. तात्यांनी विचारले, “भरलेली की रिकामी?”

“म्हणजे?”

“भरलेल्या गाडीक थांबतंय. रिकामी गाडी चढाक काय त्रास? रिकाम्याक मी थांबाचंय नाय.”

“तात्या!” मी म्हणालो.

“मास्तर, शब्द दिवचो तर नीट ठरवन दिवचो. मगे भानगड नको.”

सोनू मोठ्याने हसला. “बरा! भरल्या गाडीक थांबा. तितक्यांतय माझा पोट भरतला.” दारामागचा साडीचा काठ तेव्हा दिसेनासा झाला.

लग्न झाले. तात्यांनी शब्द पाळला, हे सांगितले पाहिजे. मीठ किंवा कौले भरलेली सोनूची लॉरी समोर आली की ते ब्रेक लावीत, आणि ती निघून जाईपर्यंत दात दुखत असलेल्या माणसासारखा चेहरा करून बसत. इतर कोणासाठी ते पूर्वीप्रमाणेच थांबत नसत. एका घराशी केलेला करार दुसऱ्याला का लागू करावा, असा त्यांचा प्रश्न होता. सभ्यपणाचे असे तुकडे पाडून ते वजनावर देणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यानंतरच्या आंब्याच्या हंगामातली गोष्ट. तो शनिवार होता आणि मी नेहमीच्या जागी दार बडवीत होतो. सोनूची लॉरी वरच्या बागांतून आंब्याच्या करंड्या भरून आणण्यासाठी चढत होती. मागचा हौदा मोकळा होता. केबिनमध्ये सोनूच्या शेजारी हिरव्या साडीत सुमती बसली होती. लग्नानंतर ती पहिल्यांदाच माहेरी राहायला येत होती. तिने बापाची गाडी ओळखली आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

“तात्या, सुमती!” मी म्हणालो.

तात्यांची नजर तिच्यावरून सरकली आणि मागच्या हौद्यावर गेली. मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. ती नजर मी नीट पाहिली.

“रिकामी आसा,” ते म्हणाले.

त्यांचा पाय ब्रेककडे गेला नाही. सोनूने लॉरी डावीकडे घेतली. तिचे पुढचे चाक गटारात उतरले आणि सगळी केबिन एका बाजूला कलली. सुमतीने बाहेर काढलेला हात आत घेऊन दांडा पकडला. आम्ही त्यांच्या अंगाला घासून, नेहमीप्रमाणे आवाज न करता, खाली निघून गेलो. मागे पाहिले तेव्हा सोनू खाली उतरून चाक पाहत होता.

पुलावरून गाडी पलीकडे गेली. सपाटीवर तात्यांनी गिअर टाकून इंजिन सुरू केले आणि समाधानाने मान हलवली. मी म्हणालो, “गाडी थांबवा.”

“हंय? मालवण लांब आसा, मास्तर.”

“थांबवा.”

त्यांनी गाडी थांबवली. इंजिन मात्र आधी बंद केले. मी उतरलो. “पोटची पोर पहिल्यांदा घरी येत होती, तात्या.”

“मगे घराकच येताहा ना? रात्री भेटतला माका,” ते म्हणाले. त्या चेहऱ्यावर अपराधाची छटा नव्हती. मी काय म्हणत होतो ते त्यांना खरोखर समजत नव्हते. “करार भरल्या गाडीचो हुतो. तुमच्या समोर झालो.”

त्यांच्या गाडीत मी पुन्हा पाय ठेवला नाही. पुढे सरकारी मोटारी आल्या. त्यांवरच्या ड्रायव्हरांच्या नेमणुका झाल्या तेव्हा तात्यांचे वय उलटून गेले होते. काही वर्षे ते पडवीत बसून जाणाऱ्या गाड्यांवर टीका करीत असत. चालत्या गाडीचा आवाज ऐकून “हो ड्रायव्हर पेट्रोल ओतता” असे ते म्हणत, आणि बहुतेक वेळा ते खरे असे. दुखण्यात सुमतीने त्यांची सेवा केली. ते गेले तेव्हा तिरडीमागे पुष्कळ माणसे चालली. त्यांत ज्यांनी त्यांना वाट दिली होती ते सगळे होते. काटकसरीचा धडा वर्गात शिकवताना, तुमच्या बचतीचे बिल कोण भरतो ते आधी पाहा, असे मी मुलांना सांगू लागलो ते त्या शनिवारनंतर. तात्यांचा माझ्यावर काही संस्कार झाला असेल तर तो हा.

दिवसकार्य आटोपल्यावर सुमती मला पोहोचवायला घरापुढच्या खळ्याच्या टोकापर्यंत आली. मी तिला त्या शनिवारविषयी विचारले. इतकी वर्षे मला तो प्रश्न टोचत होता. बाप न थांबता अंगावरून निघून गेला, तेव्हा तिला काय वाटले असेल?



“बाबांचा काय, मास्तर. ते तसेच,” ती म्हणाली. “पण मामंजीनी माका एक शब्द न बोलता गाडी गटारात घातली ना, तेव्हाच माका कळला, मी बऱ्या घरात पडलंय.”