गुणाजीचा राखलेला पाय

माझा धाकटा भाऊ गुणाजी लिफ्ट दुरुस्त करायचा. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट अचानक खाली आली आणि त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या, "पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण वर्षभर ऑपरेशनं चालतील आणि पू झाला तर जिवावर बेतेल. आत्ताच कापला तर नकली पायावर लवकर चालेल. संध्याकाळपर्यंत सांगा."

आम्ही काय सांगणार, कप्पाळ! गुणाजीच म्हणाला, "देवाक इचारूया." गावच्या गुरवाला व्हिडिओ कॉल लावला. कौल घेताना देवाच्या दोन्ही बाजूंना फुलं चिकटवतात. देवाच्या उजव्या हाताचं पडलं तर होकार, डाव्या हाताचं पडलं तर नकार. प्रश्न एकच, पाय राखायचा का?

मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर त्याची बायको रुचिरा नाचायचीच बाकी होती. "उजवीकडचं पडलं, ताई!" ती घाटकोपरची, कौल तिने जन्मात पाहिला नव्हता. फूल पडलं आणि रेंज गेली म्हणे. मग गुरवाचा पुन्हा फोन आला. तो गुणाजीने घेतला, "बरां, कळला" म्हणाला आणि ठेवून दिला.

पाय राखला. आणि काय सांगू, झकास भरला! गुणाजी मात्र वाळत चालला. पायावर सतत चादर, गावाचं नाव काढलं की विषय बदलायचा.

परवा त्यांच्याकडे गेले होते. तो आंघोळ करून बाहेर आला, तसाच ओल्या पायांनी. ओरडणार होते, तर बाथरूमपासून पलंगापर्यंत एकाच पायाचे ठसे! मी तो राखलेला पाय हातात घेतला. तळवा ओलाचिंब. लादीवर टेकवला, उचलला. लादी कोरडी.

"फूल देवाच्या डाव्या हाताचा पडला होता, ताय," तो हळूच म्हणाला. "समोरसून बघताना मोबाईलात ता आपल्या उजवीकडे दिसला. माका पाय होयो होतो. मी गप रवलंय. आता काप म्हणतंय, तर डॉक्टर म्हणता, चांगलो पाय कोण कापता?"

शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं.

आत रुचिरा चहा गाळत होती. ती बाहेर यायच्या आत मी ठसे पुसून टाकले आणि त्याला म्हटलं, "उद्यापासून चप्पल घालून बाहेर येत जा."