देवराईची काठी परत केली त्याची हकिगत

सगळ्यात आधी नाव घेतो ते कबनूरच्या बापू पोवारांचं आणि त्यांच्या घरच्या सुशीलावैनींचं. ही दोघं नसती तर मी एकतर परभणीला परत गेलो असतो, नाहीतर मागाच्या पट्ट्यात अडकून थेट वर गेलो असतो. आता काय झालं ते सांगतो. मी जंगलातून एक काठी आणली.

बस्स. एवढंच केलं!

सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. (शाळेनंही मला फार धरून ठेवलं नाही.) नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत एक पिशवी आणि एक पत्ता घेऊन कबनूरला उतरलो, तर पत्ताच चुकीचा निघाला. ज्यांना विचारायला गेलो ते बापू. यंत्रमागाच्या कारखान्यात ते जॉबर, म्हणजे बिघडलेले माग सरळ करणारे. त्यांनी मला माग शिकवला, माळ्यावर झोपायला जागा दिली आणि माझं नाव 'परभणी' ठेवलं. वैनी ताटात भाकरी वाढायच्या आणि प्रत्येक भाकरीतली अर्धी मी उद्यासाठी गुपचूप बाजूला ठेवायचो. ही शेवटची तर नाही? उद्या 'जा' म्हणाले तर? इतका घाबरणारा माणूस चुका करतोच. माझ्या तर पाळीप्रमाणे व्हायच्या, दिवसपाळीच्या वेगळ्या, रातपाळीच्या वेगळ्या.

बापूंना व्यसन एकच, रान. राधानगरीच्या वर, धरणाच्या पलीकडं त्यांचं मूळ गाव होतं. गाव कधीच उठलं. राहिल्या होत्या जोत्यांच्या ओळी, एक बुजलेली विहीर आणि देवीची राई. तिथं कुठंतरी पोवारांच्या मूळ पुरुषाचा वीरगळ आहे, म्हणजे गावची गुरं सोडवताना लढून मेला त्याच्या नावानं कोरलेला दगड, असं बापूंच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं. भावकी हसायची. "दगुड रानात न्हाय, बापूच्या डोस्क्यात हाय!" बापू मात्र अकरा वर्षं दर सुट्टीला ते रान विंचरत होते. चौथी पास माणूस, पण खिशात वही, गळ्यात कापड मोजायचा टेप आणि पिशवीत मागावरचं कोरं कापड. कोरीव दगड दिसला की त्यावर कापड ताणायचं आणि कोळसा घासायचा, चित्र अलगद कापडावर. घरभर दोऱ्यांवर असे घोडे, ढाली आणि बांगड्या भरलेले सतीचे हात लटकत असायचे. माळ्यावरच्या माझ्या पहिल्या सकाळी डोळे उघडले तर नाकासमोर हात! मी किंचाळलो, खालून वैनी म्हणाल्या, "उठला वाटतं. चा ठेवतो."

दिवाळी झाल्यावर बापूंनी मला आणि वैनींना रानात नेलं. तिथं गवे असतात हे मला एसटीत कळलं.

"गवा म्हंजे?"

"रेड्याचा थोरला भाऊ. काय करत न्हाई. फकस्त त्याच्या वाटंत यायचं न्हाय."

"त्याची वाट कोणती?"

"ते त्यालाच ठावं की!"

मग मी काय करणार? राईत शिरल्यावर एका झाडाखाली सरळसोट काठी पडलेली दिसली, ती उचलली. (ट्रॅक्टरएवढ्या जनावरासमोर पाच हाती काठी! पण धीर आला खरा.) गवा पाल्याखाली लपून बसला असेल तर, म्हणून मी पाला टोचत टोचत चाललो. आणि एका ठिकाणी आवाज आला, टक्!

पाल्याखालून दगडाचा माथा वर आला. त्यावर कोरलेला कळस. बापूंनी मला उचललंच. "परभणी! अकरा वर्सं, लेका! अकरा वर्सं!" ते नखांनीच माती उकरायला लागले, तेव्हा वैनींनी त्यांचा हात धरला. राईतला दगड देवीला विचारल्याशिवाय हलवायचा नाही. गुरव कौल लावील, तो माघात. म्हणून बापू हात झाडून उठले. मीही उठलो, आणि काठी टेकत टेकत घरी आलो.

माघात सगळी भावकी हसायला हजर. धोंडू गुरवानं देवीच्या शिळेला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्यांदा डावी पडली. दुसऱ्यांदा डावी. तिसऱ्यांदा डावी पडली ती पडली, वर वाऱ्यानं उडून नेमकी माझ्या पायाशी येऊन थांबली!

गुरव माझ्या पायाकडं बघत म्हणाला, "राईतलं कायतरी भाईर गेलंय."

बापूंचा चुलतभाऊ मागून बोलला, "झालं! दगुड घावला, तर आता कौल न्हाय. चला जेवाय."

बापूंनी गळ्यातला टेप काढून त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला. ते मला बघवेना. गप्प बसलो तर भाकरी चालू राहील, बोललो तर बंद. मी डोळे मिटले.

"म्या नेली. एक काठी."

"कुठली काठी?" बापू.

"धुण्याची."

"आगं आई!" वैनी ओरडल्या. "त्या काठीवर दोन म्हयनं माझी लुगडी वाळत्यात!"

गुरव म्हणाला, "हितलं वाळकं पान बी न्हेत न्हाईत, पावणं. ना चुलीला, ना दाराला. काठी हाय तशी आणा, उचललीसा तितंच ठेवा. मग इचारू."

"मी आणतो," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या ठामपणे मी कधीच बोललो नव्हतो. अडचण एकच. काठी 'हाय तशी' राहिली नव्हती! वैनींनी हातभर तुकडा कापून शेजारच्या हलीमाभाभींना शेळीच्या खुंटीसाठी दिला होता आणि निघालेले छिलके पाणी तापवायच्या बंबात घातले होते.

"मग खुंटी आणा," गुरव शांतपणे म्हणाला. "आन् राख."

कबनूरला परतल्यावर हलीमाभाभी म्हणाल्या, "खुंटी नेता तर शेळी कशाला बांधू? तुमच्या परभणीला?" बापूंनी नवी खुंटी तासून देईपर्यंत, खरं सांगतो, ती मलाच बांधलेली होती. बंबाची राख भांडी घासण्यात गेली होती, पण राखेच्या डब्याच्या तळाशी मूठभर सापडली. ती कागदाच्या पुडीत बांधली आणि निघालो.

काठी एसटीत मधल्या वाटेत आडवी ठेवली. लोक ओलांडायला लागले. मी घाबरून म्हणालो, "पाय लावू नका, देवीची आहे!" नको ते बोललो! एक आजी वाकून पाया पडल्या. दुसरीनं कुंकू लावलं. कुणीतरी झेंडूची माळ घातली. कंडक्टरनं तिकीट मागायचं सोडून हात जोडले. राधानगरी येईपर्यंत आमच्या धुण्याच्या काठीपुढं अर्धा नारळ जमला होता.

पुढं जंगलाचा नाका. तिथल्या फॉरेस्ट गार्डनं कुंकू लावलेली काठी बघितली, टोकदार खुंटी बघितली, मग पुडी उघडली.

"राख कुणाची?"

"काठीची," बापू म्हणाले.

"लाकूड कुठनं आणलंसा?"

"हितनंच, सायेब."

"मग कुठं न्हेताय?"

"हितंच!"

गार्डनं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "लाकूड चोरून न्हेणारी लई बघितली. परत आणून देणारं तुमीच पयलं. माझ्या वहीत भाईर जाणाऱ्या लाकडाचा रकाना हाय, आत येणाऱ्याचा न्हाय. आता ह्ये लिवू कुठं?"

"मग वं?"

"मग उलटं चालत जावा! भाईर निगालाय आसं समजतो."

तो चेष्टा करत होता. हे बापूंना कळलं, वैनींना कळलं. मी मात्र काठी छातीशी धरून, नाक्याकडं तोंड करून, पाठीमागं पाठीमागं पार वळणापर्यंत गेलो! गार्ड पोट धरून खाली बसला. शेवटी वही मिटून तोही आमच्याबरोबर आला. म्हणाला, "ह्ये बघितल्याबिगर मला जेवान जायचं न्हाय."

ठरल्याप्रमाणे राईत भावकी वाट बघतच होती. गुरवानं विचारलं, "कुठल्या झाडाखालनं उचललीसा?"

आता आली का पंचाईत! त्या दिवशी मी झाडं कुठं बघत होतो? मी गवा बघत होतो! पण ठरवलं, आज मागं फिरायचं नाही. "प्रत्येक झाडाखाली ठेवतो," मी म्हणालो, "तुम्ही कौल लावत राहा."

पहिल्या झाडाखाली काठी, खुंटी, राख मांडली. डावी. सगळं गोळा केलं, राख फुंकर न लागू देता पुडीत भरली, दुसरं झाड. डावी. चौथ्या झाडाला गुरवाच्या पाकळ्या संपल्या, तेव्हा काठीच्याच माळेतला झेंडू तोडला. सहाव्याला भावकीतली माणसं पैजा लावायला लागली. सातव्याला चुलतभाऊ स्वतः पुडी धरून माझ्यामागं फिरत होता. "आरं, त्या जांभळीखाली बघ की! मला वाटतंय तितंच!"

आठवं झाड जांभळीचं. उजवी पाकळी टपकन पडली.

एवढा आरडाओरडा झाला की त्या रानात गवा असलाच तर तो कर्नाटकात गेला असेल. सगळ्यांनी मिळून दगड मोकळा केला आणि उभा केला. खाली गुरं, मध्ये ढाल-तलवार घेतलेला माणूस, वर कळस. बापूंनी कापड ताणलं. एक टोक चुलतभावानं न सांगता धरलं. बापू कोळसा घासत होते आणि डोळ्यांतलं पाणी कापडावर पडून ढालीचा काळा ओघळ होत होता. कुणी हसलं नाही.

मी बाजूला जाऊन हळूच वैनींना विचारलं, "मी कधी निघू?"

"कुठं?"

"परभणीला. सामान माळ्यावरच आहे."

बापूंनी मागं न बघताच आवाज दिला, "आरं खुळ्या, काठी उचलली नसतीस तर दगुड घावला आसता व्हय? गप बस आन् त्ये कापाड धर!"

वैनींनी फडकं सोडून भाकरी पुढं केली. त्या भाकरीतली अर्धी मात्र मी बाजूला ठेवली नाही.

आता मीही जॉबर आहे. बापू-वैनींचे हे उपकार मी एक ना एक दिवस फेडणार, हे इथं लिहूनच ठेवतो. परवा गावी निघालो तेव्हा विचारलं होतं, "बापू, येताना तुमच्यासाठी काय आणू?" बापूंनी कोपरापासून हात जोडले. "काय बी आणू नगंस, बाबा! तू आणतोस, आन् आमच्या आख्ख्या भावकीला ते परत ठिवाय जावं लागतंय!"

तरीपण फेडणार म्हणजे फेडणारच. फक्त काहीही उचलण्याआधी कौल लावून घेईन.